वनककडी : देवदाराखालच्या वाफ्यांच्या प्रकल्प नोंदी

२८ जून २०२२ : जागा आणि मातृरोपं

कुल्लू खोऱ्याच्या वरच्या अंगाचं देवदार आणि रईचं जंगल, उंची सुमारे २,६०० मीटर, उतार वायव्येकडे. रई म्हणजे इथला स्प्रूस. आणखी वर गेलं की तोस, म्हणजे फर, सुरू होतो आणि त्यात अधूनमधून खरसू ओक. वनककडी या पट्ट्यात तीन वेगवेगळ्या तुकड्यांत आहे. तिन्ही जागी एक गोष्ट समान : दुपारचं ऊन सरळ पडत नाही, पण अंधारही नाही. दाट देवदाराच्या बुंध्याशी, जिथे नुसत्या सुयांचा थर असतो, तिथे एकही रोप नाही. एखादं झाड पडून छत्र उघडलेलं आणि खरसूची पानं कुजलेली अशा ठिकाणी ती जमते. सोबतीला सालम मिश्री, रानस्ट्रॉबेरी, व्हायोला आणि थोडी नागछत्री.

वनस्पतीशास्त्रात हिला पोडोफायलम हेक्झँड्रम म्हणतात, नव्या वर्गीकरणात सायनोपोडोफायलम. दारुहळदीच्या कुळातली. एका ताठ दांड्यावर दोन, कधी तीन, हाताच्या पंजासारखी चिरलेली पानं आणि एकच फूल. जमिनीखाली आडवा कंद, त्याला जाडसर मुळं. कंदातलं पोडोफायलोटॉक्सिन हेच तिच्या दुर्दशेचं मूळ. कर्करोगावरची एटोपोसाइड आणि टेनिपोसाइड ही औषधं या रेणूपासून अर्धसंश्लेषणाने बनतात, आणि अमेरिकेतल्या मेअ‍ॅपल या भावंडापेक्षा हिमालयी कंदात राळ कितीतरी जास्त. कंद उपटला की रोप संपलं. म्हणून १९९० पासून ती साइटिस या, वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे.

प्रकल्पाची चौकट त्यामुळे सरळ : जंगलातून कंद काढायचा नाही. फळं घ्यायची, तीही वनखात्याच्या लेखी परवानगीने, आणि रोपं तयार करून याच उतारावर परत लावायची. खालच्या वळणावर रस्ता रुंद होतो आहे. तिथली कापणीत जाणारी रोपं वाचवायची परवानगी वेगळी घेतली आहे.

आज मातृरोपांना खुणा केल्या. खूण पानाच्या दांड्याला बांधू नये, दांडा शरद ऋतूत झडतो. रोपाच्या उताराकडच्या बाजूला १५ सेंटीमीटरवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकली, नंबर खिळ्याने कोरला. मार्करची शाई इथल्या उन्हात दोन हंगाम टिकत नाही.

२० ऑगस्ट २०२२ : फळं काढणी

फळ अंड्याच्या आकाराचं, ३ ते ५ सेंटीमीटर लांब. पूर्ण लाल झालेलं, बोटाने दाबलं तर किंचित दबणारं फळच घ्यायचं. अर्धवट केशरी फळातलं बी फिकट आणि मऊ निघतं, ते पुढे कुजतं. उलट बाजूने उशीर झाला तर उंदीर आणि पक्षी काही ठेवत नाहीत. हा मधला काळ जेमतेम दहा-बारा दिवसांचा असतो आणि तुकड्यागणिक पुढे-मागे होतो, त्यामुळे एका फेरीत काम भागत नाही.

नियम असा ठेवला आहे : प्रत्येक तुकड्यातल्या पिकलेल्या फळांपैकी जास्तीत जास्त तिसरा हिस्सा, आणि तो शक्य तितक्या वेगवेगळ्या रोपांवरून. दोन-चार मोठ्या रोपांची सगळी फळं घेतली तर बी भरपूर मिळतं, पण ते सगळं जवळच्या नात्यातलं. ही वनस्पती स्वतःच्याच परागाने फळ धरते, म्हणून ही काळजी अधिक.

फळ देठासकट कात्रीने कापलं. ओढल्यास दांडा कंदाजवळ तुटतो आणि जखमेतून बुरशी शिरते. तिन्ही तुकड्यांची फळं तीन वेगळ्या कापडी पिशव्यांत, पिशवीत आणि पिशवीवर अशी दोन लेबलं.

२२ ऑगस्ट २०२२ : बी धुणं

पिकलेला गर डोंगरातली माणसं चाखतात, पण बी, पान आणि कंद विषारी. बी काढताना नायट्राइल हातमोजे घातले. गर आणि साली खड्ड्यात पुरल्या.

एका फळात काही डझनांपासून शंभराच्या वर बिया असतात. त्या गरात घट्ट बसलेल्या. पद्धत : फळं चिरून बादलीत थंड पाण्यात रात्रभर, सकाळी ३ मिलिमीटर भोकांच्या चाळणीवर हाताने चोळून वाहत्या पाण्यात धुवायची. गर राहिला तर त्यावर बुरशीचा पांढरा कापूस येतो आणि तो बियांच्या आत जातो. चोळताना वाळू मिसळू नये, बीचं आवरण ओरबाडलं जातं.

धुतल्यावर पाण्यात बुडणारं बी ठेवलं, तरंगणारं काढलं. पण तरंगतं ते सगळं पोकळ असं नव्हे. कधी आवरणावर हवेचा बुडबुडा चिकटलेला असतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं की खरं कळतं. तरंगणाऱ्यांपैकी काही बिया ब्लेडने चिरून पाहाव्यात : आत पांढरा, टणक गाभा असेल तर बी चांगलं.

सावलीत जाळीवर दोन दिवस. उन्हात नाही.

२७ ऑगस्ट २०२२ : चार गट, आणि पहिली पेरणी

बी चार गटांत वाटलं. प्रत्येक गटाला चार पेट्या पुरतील इतकं.

अ गट : ताजं बी, आत्ताच उघड्यावर पेरायचं. हिवाळा त्याचं काम करेल.
ब गट : वाळवून ठेवायचं, १ डिसेंबरपासून ओल्या वाळूत ४ अंश सेल्सिअसला ९० दिवस, १ मार्चला पॉलिहाउसमध्ये पेरणी.
क गट : कोरडं ठेवायचं, मार्चमध्ये जिबरेलिक आम्लात (जी.ए., उगवणीला चालना देणारं वनस्पती-संप्रेरक) भिजवून पेरणी.
ड गट : क सारखंच, पण भिजवण नुसत्या पाण्याची. तुलनेसाठी.

जी.ए.ची प्रक्रिया आत्ताच का नाही, हा प्रश्न येईल. कारण असं की जी.ए. दिलेलं बी आत्ता पेरलं तर ऑक्टोबरच्या तोंडावर उगवण्याची शक्यता असते, आणि तेव्हाचं कोवळं रोप पहिल्याच गोठणाऱ्या रात्री जातं.

पेटी देवदाराच्या फळ्यांची, ६० × ४० × २० सेंटीमीटर, तळाला १० मिलिमीटरची आठ भोकं. मिश्रण १५ सेंटीमीटर भरायचं म्हणजे पेटीमागे ३६ लिटर : १८ लिटर पानखत, ९ लिटर जंगलातली वरची माती, ९ लिटर जाड वाळू. पानखत खरसूच्या पानांचं, दोन वर्षं कुजलेलं. नुसत्या देवदाराच्या सुयांचं खत दिसायला छान काळं असतं, पण पाणी आधी घेत नाही आणि एकदा घेतलं की सोडत नाही. मिश्रणाचा सामू ५ ते ६ च्या दरम्यान असावा. चुना घालू नये, राखही नाही.

मातीला पिंपात वाफ दिली, आतलं तापमान ८० अंशांवर अर्धा तास. याहून जास्त तापवण्यात फायदा नाही, उपयोगी जीवाणूही मरतात आणि मग पहिली येणारी बुरशी मोकळं रान गाजवते. गार झाल्यावर पेटीमागे २० ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली.

कडेने ५ सेंटीमीटर सोडून, बियांमध्ये ५ सेंटीमीटर अंतर ठेवलं की ११ × ७ म्हणजे पेटीत ७७ बिया बसतात. खोली दीड सेंटीमीटर. ओळी मोजून पेरण्याचं कारण पुढच्या नोंदींत कळेल : या वनस्पतीत नुसती हिरवी टोकं मोजून चालत नाही, कुठल्या जागी काय होतं तेही लागतं. वर १ सेंटीमीटर जाड वाळू, आणि उंदरांसाठी ६ मिलिमीटरची लोखंडी जाळी. प्लास्टिकची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतात.

१५ ऑक्टोबर २०२२ : कंदाचे तुकडे

वरचे भाग पिवळे पडून गेले. कंद झोपेत गेल्यावरच हे काम. रस्त्याच्या कापणीतून उचललेली रोपं दोन महिने सावलीतल्या वाफ्यात ठेवली होती, ती आज काढली.

इथे खबरदारी आधी. ताजा कंद कापताना निघणारा रस त्वचेला झोंबतो, आणि वाळलेल्या कंदाची धूळ डोळ्यात गेली तर डोळे सुजतात. हातमोजे, बंद चष्मा, आणि काम ओल्या कंदावरच. गरोदर स्त्रियांनी या टेबलाजवळ यायचं नाही, पोडोफायलोटॉक्सिन पेशींचं विभाजन रोखतं.

तुकडा अडीच ते तीन सेंटीमीटर, प्रत्येकावर किमान एक फुगीर डोळा आणि दोन-तीन मुळं. सुरी प्रत्येक कंदानंतर स्पिरिटने पुसली. काप सावलीत एक दिवस सुकू दिला, मग त्यावर कोळशाची पूड. डोळा नसलेले तुकडे फेकले नाहीत. ते आय.बी.ए.च्या, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाच्या, पावडरीत बुडवून वेगळ्या पेटीत लावले, पण त्यांच्याकडून पहिल्या वर्षी काही अपेक्षा ठेवू नये.

लावताना तुकडा आडवा, डोळा वर, ४ ते ५ सेंटीमीटर खोल. उभा लावला तर खालचं टोक पाण्यात राहून कुजतं. शेणखत अजिबात नाही.

वाफ्यांवर खरसूची पानं ५ सेंटीमीटर, त्यावर उडू नये म्हणून फांद्या.

१ डिसेंबर २०२२

ब गट वाळूत घातला. एक माप बी, तीन मापं वाळू. वाळू ओली म्हणजे मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये. पिशवी घट्ट बांधली नाही, तोंड दुमडून एक टाचणी. दर पंधरवड्याला उघडून वास घ्यायचा : मातीचा वास ठीक, आंबट वास आला तर बी काढून धुवायचं आणि नव्या वाळूत घालायचं.

१ मार्च २०२३ : जी.ए. आणि पेरणी

द्राक्षबागेत वापरतात तेच जी.ए., फक्त इथे शुद्ध भुकटी घेतली. २०० पीपीएम म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅम. अर्धा लिटर द्रावणासाठी १०० मिलिग्रॅम. भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी ३ मिलिलिटर इथेनॉलमध्ये विरघळवून मग ती पाण्यात ओतली. ड गटाच्या पाण्यातही तेवढंच इथेनॉल घातलं, नाहीतर फरक जी.ए.चा की अल्कोहोलचा हे सांगता येत नाही. २४ तास, अंधारात, खोलीच्या तापमानाला. द्रावण आदल्या रात्री करून ठेवायचं नाही, ताजं वापरायचं.

ब, क, ड तिन्ही गट पॉलिहाउसमध्ये पेरले. तिथे दिवसा १८ ते २२ अंश, रात्री ८ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. पेट्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवली. दाराजवळची ओळ नेहमी थंड असते आणि सगळा एकच गट तिथे आला तर निष्कर्ष दाराचा निघतो.

१८ मार्च २०२३

बाहेरच्या वाफ्यांवरचा बर्फ ओसरतो आहे. बर्फाखाली काही बिघडलं नाही, बिघडलं ते बर्फ नसलेल्या कडेला. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं यामुळे माती फुगून कंदाचे तुकडे वर आले आहेत, काहींची मुळं उघडी. हाताने दाबून परत बसवू नयेत, गोठलेल्या मातीत मुळं तुटतात. वर ३ सेंटीमीटर मिश्रण टाकून झाकले. पुढच्या हिवाळ्यात कडांना पानांचा थर दुप्पट.

२२ एप्रिल २०२३ : पहिली उगवण

क गट सगळ्यांत आधी, त्यामागे ब. उगवलेलं रोप पाहून नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. मातीतून ४-५ सेंटीमीटर लांब, दोऱ्यासारखा दांडा आणि टोकाला दोन गुळगुळीत लांबट पानं. हा दांडा खोड नाही. दोन बीजपत्रांचे देठ जुळून झालेली ती नळी आहे. खरा कोंब त्या नळीच्या तळाशी, मातीखाली, झाकलेला बसतो आणि एरवी पहिलं वर्षभर वर येत नाही. पहिल्या हंगामात रोपाची सगळी कमाई या दोन बीजपत्रांवर. एक जरी गोगलगाईने खाल्लं तर तळाचा कोंब अर्धपोटी राहतो.

त्यामुळे तीन गोष्टी. दांडा धरून रोप उचलायचं नाही. खुरपणी हाताने, पेटीत कुठलंही अवजार नाही. आणि बीजपत्रं हिरवी असेतो पुनर्लागवडीचा विचारही नाही.

१४ मे २०२३ : जंगलातला फुलोरा

मोठी रोपं वर आली. पानं अजून छत्रीसारखी मिटलेली, त्यांवर तांबूस-जांभळे डाग, आणि फूल त्यांच्या आधीच उघडलेलं. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, रंग पांढऱ्यापासून गुलाबीपर्यंत. एका फुलाचं आयुष्य मोजक्या दिवसांचं. पानं पूर्ण उघडेपर्यंत पाकळ्या गळालेल्या असतात, म्हणून जूनमध्ये येणाऱ्याला ही वनस्पती फुलते असं वाटतच नाही.

फुलाकडे रोज पाहिलं तर एक हालचाल दिसते. मधला स्त्रीकेसर सुरुवातीला सरळ, मग एका बाजूला झुकत जाऊन परागकोशाला टेकतो. या उंचीवर मे महिन्यात कीटकांचा भरवसा नाही, त्यावर हा तोडगा. पाच कळ्यांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या आहेत, फळ धरतं का ते ऑगस्टमध्ये.

पहाटे गोठलेल्या दवाने काही रोपं मान टाकून पडली होती. ऊन लागल्यावर उभी राहिली. पानांना हे सोसतं. पण ज्या फुलांचा स्त्रीकेसर काळा पडला आहे त्यांचं फळ यंदा नाही. नोंदवहीत अशा रोपांपुढे फुली. बी गोळा करताना ती नापीक समजून चालणार नाही.

अ गट याच आठवड्यात मातीतून वर येतो आहे. उगवण विखुरलेली, पण बीजपत्रं पॉलिहाउसमधल्यांपेक्षा आखूड आणि जाड.

१० जून २०२३ : रोपं कोलमडणं

पॉलिहाउसच्या पेट्यांत मातीच्या रेषेवर दांडा पाणचट होऊन रोपं आडवी. पिथियम आणि रायझोक्टोनिया या मातीतल्या रोगकारकांचं ठरलेलं काम. ब आणि क दोन्हींत सारखंच, पण सगळ्यांत जास्त त्या पेट्यांत जिथे वरून झारीने पाणी जात होतं.

केलेले बदल : झारी बंद. पेटी उथळ पाण्याच्या कुंडात ठेवून खालून ओल चढू द्यायची, वाळूचा वरचा थर ओलसर झाला की लगेच बाहेर. पुढचं पाणी वाळू कोरडी दिसल्यावर आणखी एक दिवस थांबून. दोन्ही बाजूंचे पडदे दिवसभर वर. आडवी झालेली रोपं भोवतालच्या चमचाभर मातीसकट काढली. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम, फक्त बाधित पेट्यांत आणि मुळाशी. ट्रायकोडर्मा घातलेल्या निरोगी पेट्यांत तांबं ओतू नये, आपणच घातलेली चांगली बुरशी आपणच मारतो.

शेडनेट ५० टक्क्यांचं होतं, ते बरोबर वाटतं. ७५ टक्क्यांच्या खाली ठेवलेल्या एका पेटीत दांडे लांबून आपल्याच वजनाने वाकले आहेत.

१४ जुलै २०२३

८ ते १० जुलैच्या पावसाने ब्यासला पूर येऊन खोऱ्यातले रस्ते तुटले. रोपवाटिकेची भिंत उभी आहे. नुकसान वाफ्यांत.

उताराला आडव्या घातलेल्या सपाट वाफ्यांत पाणी साचून कंदाचे तुकडे सडले. जमिनीपासून २० सेंटीमीटर उंच, कडेला दगड लावलेल्या वाफ्यांत जवळजवळ काही झालं नाही. सडलेला तुकडा बोटाने दाबला की तपकिरी पाणी सुटतं आणि वास येतो. जिवंत तुकडा आतून फिकट पिवळा, टणक. सगळे तुकडे तपासून, अर्धवट सडलेले निरोगी भागापर्यंत कापून, सुकवून नव्या उंच वाफ्यात लावले.

हिवाळ्यातल्या थंडीने जे केलं नाही ते तीन दिवसांच्या पाण्याने केलं. या वनस्पतीच्या बाबतीत थंडीची चिंता करण्यात बराच वेळ वाया जातो. इथून पुढे प्रत्येक वाफा उंच आणि प्रत्येक वाफ्याच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारी चर, ३० सेंटीमीटर रुंद, २० खोल.

३० ऑगस्ट २०२३

पिशवीतल्या कळ्यांनाही फळ धरलं. म्हणजे कीटकांशिवाय काम भागतं, निदान इथे.

क गटातल्या काही रोपांना खरं पान आलं आहे, तीन खंडांचं, नखाएवढं. नळीच्या तळाशी चीर पाडून ते बाहेर येतं. जी.ए.चा खरा लाभ उगवणीच्या घाईपेक्षा हाच : जे पान पुढच्या वसंतात यायचं ते याच हंगामात आलं. पण सरसकट नाही, आणि ज्या रोपांचा दांडा जी.ए.मुळे फार लांबला ती कमजोर दिसतात. पुढच्या वेळी १०० पीपीएमचा एक उपगट ठेवायला हवा.

२० ऑक्टोबर २०२३ : रिकाम्या दिसणाऱ्या पेट्या

बीजपत्रं वाळून गेली. अ, ब, ड या सगळ्या पेट्या वरून पाहता ओसाड. याच टप्प्यावर रोपवाटिकांत या पेट्या उलट्या करून माती परत वापरात घेतली जाते, आणि वनककडी बियांपासून होत नाही असा समज पक्का होतो.

तपासणी : प्रत्येक गटाच्या एका पेटीतून एक कडेची ओळ, चमच्याने बाजूने माती सरकवत. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, फिकट, टोकदार कोंब आणि त्याखाली दोन-तीन पांढरी मुळं दिसली तर रोप जिवंत. ड गटात काही जागी बी तसंच टणक सापडलं, न उगवलेलं पण न कुजलेलंही. ते वर्षभर थांबलेलं बी आहे. ते परत होतं त्या जागी झाकलं.

सगळ्या पेट्यांवर लाल पट्टी : रिकामी नाही. पॉलिहाउसमधून बाहेर, जमिनीत कडेपर्यंत पुरून ठेवल्या. उघड्यावरच्या पेटीत चारही बाजूंनी थंडी शिरते, पुरलेल्या पेटीत फक्त वरून, आणि तिथे पानं आणि बर्फ असतो.

२८ एप्रिल २०२४ : दुसरं वर्ष

अ गटात खरी पानं. एकेक, देठावर ३-४ सेंटीमीटर रुंद, डागाळलेलं. ब गटही त्याच आठवड्यात. ड गटात गेल्या वर्षीची थोडी रोपं खऱ्या पानावर, आणि शेजारीच नव्याने बीजपत्रं उघडलेली रोपं. एकाच पेटीत दोन वयांची रोपं. ओळी मोजून पेरल्या नसत्या तर ही वेगळी काढता आली नसती.

क गटाने वेगात बाजी मारली, पण उन्हाळ्याअखेरीची तगलेली रोपं मोजली तर अ गट त्याच्या बरोबरीला येतो. अ ला लागलेला खर्च म्हणजे जाळी आणि संयम. ज्यांच्याकडे जागा आहे आणि एक वर्ष उशीर चालतो त्यांनी ताजं बी ऑगस्टमध्ये उघड्यावर पेरावं, बाकी खटाटोप नको. जी.ए. त्यांच्यासाठी ज्यांना ठरावीक मुदतीत रोपं दाखवायची असतात, आणि अशा मुदती या वनस्पतीला मानवत नाहीत हे त्यांनाही एकदा सांगून पाहावं.

१६ जून २०२४

कंदाचे तुकडे. डोळा असलेले, उंच वाफ्यातले : बहुतेकांना एक किंवा दोन पानं, मोजक्यांना फूल. डोळा नसलेले : पहिलं वर्ष नुसती मुळं, आता काहींवर बारीक डोळे.

तुकड्यांची रोपं बियांच्या रोपांपेक्षा काही वर्षं पुढे आहेत हे उघड आहे. बियांच्या रोपाला फुलावर यायला साधारण चार-पाच वर्षं, कंद जाडजूड व्हायला त्याहून जास्त. म्हणून लागवड करणाऱ्याचा कल तुकड्यांकडे जाणार आणि तुकड्यांसाठी कोणीतरी जंगलात कुदळ घेऊन जाणार. वाटिकेने बाहेर द्यायची रोपं फक्त बियांची, आणि ती जंगलातल्या मूळ तुकड्याच्या नंबरासकट. कंदाचं बियाणं इथून द्यायचं नाही. लागवडीचा माल पुढे विकताना तो लागवडीचाच आहे हे सिद्ध करायला हेच नंबर उपयोगी पडतात.

५ ऑक्टोबर २०२४ : जंगलात लावणी

दोन पूर्ण हंगाम झालेली अ आणि क गटाची रोपं. पानं पिवळी पडल्यावर, जमीन गोठण्याच्या तीन आठवडे आधी. वसंतात लावलेलं रोप उन्हाळ्याच्या कोरड्या तुकड्यात अडकतं, शरदात लावलेल्याला मुळं जमवायला वेळ मिळतो.

वाफा ३ × १.२ मीटर, दोन्ही बाजूंना अंतर ३० सेंटीमीटर, म्हणजे दहा ओळी गुणिले चार, ४० रोपं. देवदाराच्या बुंध्यापासून किमान दोन मीटर दूर. त्याच्या आत वरवरच्या मुळांशी पाण्याची स्पर्धा आणि सुयांचा दाट थर. जागा निवडताना सुया हाताने बाजूला करून बोटभर खाली पाहायचं : काळी भुसभुशीत माती लागली तर जागा चालेल, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी विणलेला कोरडा गालिचा लागला तर पुढे जायचं. संपूर्ण वाफा खणला नाही, फक्त १५ × १५ सेंटीमीटरचे खड्डे, खड्ड्यात दोन मुठी पानखत. खणलेल्या उतारावर पहिल्याच पावसात माती वाहते.

ज्या तुकड्यातलं बी त्याच तुकड्याच्या आसपास लावलं. वाफ्याच्या चारही कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या, आणि रोपांचा तक्ता ओळ-स्तंभाप्रमाणे कागदावर. शेळ्या-मेंढ्या ही पानं सहसा खात नाहीत, पण गद्दी मेंढपाळांचे कळप परतीच्या वाटेवर याच सुमारास इथून उतरतात आणि खुरांनी वाफा बसतो. कुंपण न घालता वाटेच्या बाजूने वाळक्या फांद्यांचा आडोसा केला आणि मेंढपाळांना जागा दाखवून ठेवली. कुंपण घातलं की इथे काहीतरी मौल्यवान आहे अशी पाटी लावल्यासारखं होतं.

२४ मे २०२५

बर्फ गेल्यावरची पहिली मोजणी. तक्त्यात चार खुणा ठरवल्या : पान आहे, पान नाही पण कोंब आहे, उकरलेलं, सडलेलं. पान न दिसणारं रोप लगेच मेलेलं लिहायचं नाही. लावणीच्या धक्क्यानंतर एखादा हंगाम कंद नुसता बसून राहतो. अशा जागी दोन वर्षं तीच खूण राहिली तरच फुली.

क गटाच्या वाफ्यात दोन ठिकाणी उकरलेले खड्डे, दोन्ही खड्डे पडक्या ओंडक्याजवळ. उंदरांचं घर ओंडक्याखाली आहे. ओंडका हलवायचा नाही, त्याच्यामुळेच तिथे ओल टिकते. त्या दोन खड्ड्यांच्या कोपऱ्यात सहा मिलिमीटरच्या जाळीचा पिंजरा, ३० × ३० सेंटीमीटर, १० खोल पुरलेला.

ऑगस्टच्या पेरणीसाठी : अ पद्धतीच्या आठ पेट्या, १०० पीपीएम जी.ए.साठी दोन पेट्यांचं कोरडं बी बाजूला, २०० पीपीएम बंद. ड गटाच्या चारही पेट्या आणखी एक हिवाळा जागेवरच.